जकात आणि गणिताचा वर्ग

वस्तीतील शाळेच्या गणितवर्गासाठी फळा, संगणक, भूमितीची साधने हवी असली की आपला हात प्रथम जकातीकडे जातो. परंतु सूरह तौबाने (9:60) जकातीचे 8 हक्कदार ठरविले आहेत, आणि हनफी फिकहनुसार ती गरजू व्यक्तीच्या मालकीत गेली पाहिजे. भिंत मालक कशी होणार? गरीब विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकांसाठी ती अवश्य द्यावी. वर्गासाठी मात्र सदका वा वक्फ हवा. आपण अडखळतो ते येथेच. कंपनी कायदा 2013 अन्वये ठराविक मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यास द्यावयाचे असतात. शिक्षण त्यात येते, अर्ज जरूर करावा. तथापि अल-ख्वारिज्मीने आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात वारसाहक्काच्या वाटणीला मोठी जागा दिली होती. ज्या उम्मतीच्या घरोघरी वारसा अपूर्णांकांत वाटला जातो, तिने हा वर्ग सर्वस्वी परक्याच्या मर्जीवर सोडावा काय?