मोहरीएवढा माणूस

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो आणि महाराज तर तटाच्याही वर. आमच्याकडे हे कुणाला कधी खटकलं नाही. शहरात वाढलेला माझा नातू मात्र म्हणतो, "आजोबा, स्केल पार चुकलंय."

बरं, त्याचंच खरं धरू. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. एकास हजार या प्रमाणात तो ८२ सेंटीमीटर भरतो, पोराच्या कमरेच्या वर. मग पावणेदोन मीटरचा गडी किती? पावणेदोन मिलिमीटर. मोहरीचा दाणा! आमचा सात सेंटीमीटरचा मावळा त्या हिशेबाने ७० मीटरचा राक्षस.

मोजून खरंच मोहरी ठेवली मातीच्या कड्याखाली. तान्ह्या लेकरासाठी कडा उतरलेल्या हिरकणीची गोष्ट जन्मभर ऐकली होती, पण तो कडा तेव्हा दिसला.

वजनाला मात्र ही पट्टी चालत नाही. लांबी हजारपट घटली की वजन अब्जपट घटतं. खऱ्या चिऱ्याने खांदा सोलतो, आमचा चिरा पोर चिमटीत धरतं.

माणूस मोठा करायचा तो मानापोटी, हे मला मान्य आहे. पण मान कुणाकुणाला? महाराज मोठे, मावळे मध्यम, आणि चिरे घडवणारा बेलदार कुंभाराच्या पाटीत नसतोच. मोहरीच्या मापात निदान सगळे सारखे तरी येतात.

यंदा कुंभाराला म्हटलं, डोक्यावर दगड घेतलेला एक गडी करून दे.

"देतो की," तो म्हणाला, "पण दादा, असला घेतंय कोण?"