बंदीच्या दिवसांतला बाजा

कोर्लईच्या किल्ल्याखाली, कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते तिथे, एक म्हातारे मास्तर राहत. घरात ते तिथली जुनी पोर्तुगीज वळणाची बोली बोलत आणि दारात आलेल्याशी मराठी. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून त्यांनी संसार केला होता. चर्चच्या सणाला वाजवलं, कोळीवाड्यातल्या हळदींनाही वाजवलं. पुढे दम कमी पडू लागला, तेव्हा ते शिकवू लागले.

शिकायला पोरं येत ती पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, मोठी माणसं जाळी सांधत बसलेली आणि पोरांचे हात रिकामे. अशाच एका जूनमध्ये एका नाखव्याचा मुलगा आला.

"मास्तर, नारळी पौर्णिमेला मला पहिल्या रांगेत वाजवायचंय."

बँडमधल्या सगळ्यांना चहा सारखाच मिळतो, पण मिरवणुकीत लोकांची नजर असते ती पहिल्या रांगेतल्या ट्रम्पेटवाल्यावर. मुलाचं तसं काही चुकत नव्हतं.

मास्तरांनी त्याच्या हातात नुसता माउथपीस दिला. मुलगा आठवडाभर ओठ मिटून त्यात फुरफुरत राहिला. घरातली पोरं हसली. मग ट्रम्पेट मिळाला, पण पिस्टनला बोट लावायची मनाई होती. "पिस्टन तीनच आहेत," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं ओठात. ओठ आवळलास की सूर वर जाईल, सैल सोडलास की खाली येईल." आणि खरंच, एकही पिस्टन न दाबता मुलाला वेगवेगळे सूर सापडू लागले.

मास्तरांचा नियम एकच होता. जेवढा वेळ वाजवायचं, तेवढाच वेळ बाजा मांडीवर ठेवून गप्प बसायचं.

मुलाला ते गप्प बसणं जड जाई. दिवस सरत होते आणि वरचा सूर अजून हाती लागत नव्हता. तो मास्तरांचा बाजा घरी नेऊ लागला आणि संध्याकाळी किल्ल्याखालच्या खडकांत, लाटांच्या आवाजाआड, एकटाच वाजवत बसू लागला. सूर निघेना तेव्हा माउथपीस दातांवर दाबून धरला. तसा सूर निघाला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच सुरासाठी आणखी दाबावं लागलं. चौथ्या दिवशी ओठ सुजला, त्यावर माउथपीसचं लाल कडं उमटलं आणि ट्रम्पेटमधून वाऱ्याशिवाय काही येईना.

मास्तरांनी ते कडं पाहिलं. ओरडले नाहीत. "बाजा इथेच ठेव," एवढंच म्हणाले.

मुलगा चिडून घरी गेला. बापाला म्हणाला, "मला माझा स्वतःचा ट्रम्पेट पाहिजे. आज दर्या निवलाय बाबा. रात्रीत एक फेरी मारून येऊ. कोण बघतंय?"

बाप जाळं सांधत होता. त्याची सुई थांबली नाही. "बघायला कशाला कोण पाहिजे? आता जाळ्यात येईल ती मासळी गाबोळी धरलेली. आज टोपलीभर पैसे होतील. दिवाळीला त्याच जाळ्यात काय येईल?"

"पण दर्या एवढा मोठा आहे."

"मोठा आहे म्हणून तर माणसं फसतात," बाप म्हणाला आणि पुढची गाठ मारू लागला.

मुलगा बराच वेळ तिथेच बसला. मग नकळत त्याने सुजलेल्या ओठावर बोट फिरवलं.

आठ दिवस तो मास्तरांकडे रोज गेला आणि बाजाला हात न लावता बसून राहिला. मास्तर वाजवत, तो ऐके. पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की दोन ओळींच्या मध्ये मास्तर बाजा ओठांपासून अंमळ दूर नेतात. आजवर त्याला ती नुसती ढब वाटली होती. कडं गेलं तेव्हा मास्तरांनी बाजा पुन्हा त्याच्या हातात दिला. वरचा सूर लगेच आला नाही. पण जे आले ते स्वच्छ आले, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच आले.

ओठ काय नि दर्या काय, दोन्ही न मागता देत राहतात, म्हणून त्यांना पुन्हा भरून यायला वेळ लागतो हे ध्यानात राहत नाही. तो वेळही आपण उपसून काढतो आणि त्याला मेहनत म्हणतो.

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ घेऊन मिरवणूक निघाली. मुलाला जागा मिळाली शेवटच्या रांगेत, खालच्या सुरांची. पहिल्या रांगेतले दोघे देवळापासूनच टिपेला चढले होते. मुलगा चार ओळी वाजवी आणि दोन ओळी बाजा खाली धरून नुसता चाले. "अरे, वाजव की!" गर्दीतून मामा ओरडला. मुलगा हसला, पण त्याने बाजा उचलला नाही.

किनाऱ्यावर पोचेपर्यंत पुढच्या दोघांचे सूर फाटू लागले होते. बँडवाल्याने मागे वळून मुलाला हाताने पुढे बोलावलं. शेवटचं गाणं त्याने वाजवलं. वरचा सूर एका जागी हुकला. बाकीचं नीट झालं.

त्याच आठवड्यात होडी पाण्यात गेली आणि मुलगा बापाबरोबर गेला. जाण्याआधी तो बाजा परत द्यायला आला, तर मास्तरांनी तो घेतला नाही. तेलाची बाटली मात्र दिली. खाऱ्या हवेत पिस्टन लगेच अडकतात, म्हणाले, रोज थेंबभर घालत जा.