जीर्ण वाहन आणि त्यागाचे नीतिशास्त्र

जीर्ण वस्तूचा त्याग केव्हा करावा, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत प्रामुख्याने देहाच्या संदर्भात चर्चिला गेला. गीतेने देहत्यागासाठी जुन्या वस्त्राची उपमा योजली, तेव्हा वस्त्र टाकणे कोणाला जड जाणार नाही, असे तिने गृहीत धरले होते. मध्यमवर्गीय घराच्या दाराशी उभी असलेली जुनी छोटी मोटार पाहिली, तर हे गृहीत तितकेसे निर्विवाद वाटत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार ही केवळ धनिकांची वस्तू आहे, ही समजूत हळूहळू ओसरली. ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन असलेल्या या मोटारीने अनेक कुटुंबांना पहिल्यांदाच पावसात न भिजता प्रवास घडविला. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या जातीची जी मोटार आज धावते, तिचे वय एका तपाच्या घरात वा त्यापलीकडे आहे. खाजगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, आणि तेथे मालकाला विचार करणे भाग पडते.

पहिला विचार अर्थातच पैशाचा असतो. गतवर्षी क्लच प्लेट बदलली, इंजिनाचे काम केले, आता विकली तर तो खर्च पाण्यात गेला, असा युक्तिवाद केला जातो. तो फारसा टिकत नाही. गाडी ठेवली काय वा विकली काय, तो पैसा परत येणारा नसतो. पण हा हिशेब पटूनही माणूस गाडी काढत नाही, तेव्हा त्याच्या मनात कृतज्ञतेसारखे काही असते. दसऱ्याला वाहनाला झेंडूची माळ घालणाऱ्या समाजात ही भावना हास्यास्पद नाही. तरीही ती नेमकी कोणाविषयी, हे विचारावे लागते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी प्रश्न करतो: चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? जिचा कार्ब्युरेटर, सायलेन्सर, बैठका, इतकेच काय दारेही बदलून झाली आहेत, त्या मोटारीविषयी हाच प्रश्न केला, तर निष्ठा यंत्रावर नसून त्यात बसून गेलेल्या स्वतःच्या वर्षांवर आहे, असे दिसून येते. अशी निष्ठा गैर नव्हे. मात्र तिची किंमत मालक एकटा मोजत नाही. सिग्नलपाशी उभा असलेला फुगेवाला मुलगा तिचा धूर घेतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या या मोटारीत ती नाही. स्वतःपुरता धोका पत्करण्याचा अधिकार मालकाला आहे. मागे बसलेल्या नातवाच्या वतीने तो पत्करता येईल काय, याविषयी शंका आहे.

याचा अर्थ नवी मोटार घेणे हेच सदाचरण, असा नव्हे. नव्या मोटारीसाठी पोलाद वितळवावे लागते, वीज खर्ची पडते. आठवड्यातून दोनदा मंडई आणि दवाखाना एवढाच ज्या वृद्ध दांपत्याचा प्रवास, त्यांनी पर्यावरणासाठी नवी गाडी घ्यावी, या सल्ल्यात तथ्य थोडे. (विक्रेते निसर्गाची काळजी वाहू लागले की ऐकणाऱ्याने किंचित सावध व्हावे.)

खरी अडचण पुढेच आहे. मोटार विकल्याने ती नाहीशी होत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. तेव्हा कित्येक गाड्या ना-हरकत दाखला घेऊन अन्य राज्यांत गेल्या. धुराने गाव बदलले. तसे होऊ नये म्हणून गाडी भंगारात द्यावी, तर दुसराच पेच उभा राहतो. लहान गावातील ज्या कुटुंबाला ती गाडी मिळाली असती, ते चौघेजण एरवी एकाच स्कूटरवरून जातात. त्यांच्यासाठी ती जुनी मोटार कमी धोक्याची आहे. एका घरात जी निष्काळजी ठरली, तीच दुसऱ्या घरात संरक्षण ठरते, आणि म्हणूनच मोटारीच्या वयावरून निर्णयाची नीतिमत्ता ठरविता येत नाही. ती ठरते देणाऱ्याने घेणाऱ्यापासून काय लपविले यावरून.

कायद्याने या जबाबदारीचा एक भाग ओळखला आहे. नोंदणीपुस्तकात नाव बदलेपर्यंत अपघाताचे दायित्व जुन्या मालकाकडेच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच दिला. त्यामुळे शहाणा विक्रेता नमुना २९ व नमुना ३० वर सह्या करून ते वेळेत परिवहन कार्यालयात पोहोचवितो. पायपुसण्याखाली सडलेला पत्रा, ओल्या रस्त्यावर डावीकडे ओढणारा ब्रेक, घाट चढताना तापणारे इंजिन यांसाठी त्या नमुन्यांत रकाना नाही. ते सांगितले तर किंमत काही हजारांनी उतरते. घेणारा गाडीची एक चक्कर मारून परत येतो, तेवढ्या अवधीत विक्रेत्याला ते ठरवावे लागते.