कोणाच्या पापामुळे?

शास्त्रवाचन : लूक १३:१–९



आपल्या गावांत कोणाचे मूल अपंग जन्मले, कोणी तरुण स्त्री विधवा झाली, अथवा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कोणा मजुराचा हात यंत्रात सापडला, म्हणजे शेजारीपाजारी हळूच म्हणतात, "मागल्या जन्मीचे भोग, दुसरे काय!" आपण तसे म्हणत नाही, परंतु "त्याने उपासना सोडली, म्हणून देवाने त्यास शिक्षा केली," असे मात्र पुष्कळदा म्हणतो. शब्द बदलले, पण न्याय तोच राहिला.

कर्माच्या मतात एक सत्य आहे, ते प्रथम मान्य केले पाहिजे. मनुष्याच्या कृत्यास फळ असते. हुलगा पेरून गहू उगवत नाही. पौलानेही गलतीकरांस पेरणी व कापणी ह्यांचाच दाखला दिला आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांपैकी पुष्कळ जण ह्याच विचाराने असत्यापासून दूर राहतात. त्यांची थट्टा करणे आपणांस शोभत नाही. भूल होते ती पुढे. पेरावे तसे उगवते हे खरे. पण एखाद्याच्या शेतात काटे दिसले, म्हणजे ते त्यानेच पेरले असे ठरत नाही.

इंदापुराहून फार दूर नाही असे मंगळवेढे आपणांस ठाऊक आहे. तेथे गावकुसाची भिंत बांधीत असता ती कोसळून चोखोबा व त्यांचे सोबती मजूर तिच्याखाली मेले. ते साल परंपरेने १३३८ असे सांगतात. आपला हीन मानलेला जन्म हे मागील कर्माचे फळ, असे चोखोबांच्या काही अभंगांत म्हटले आहे. आणि विटाळ मानणाऱ्यांस निरुत्तर करणारे प्रश्नही त्यांच्याच अभंगांत आहेत. आता कोण म्हणेल, की भिंतीखाली सापडलेले ते मजूर गावातील सर्वांहून अधिक पापी होते?

हाच प्रश्न प्रभूने यरुशलेमेतील भिंतीविषयी केला. शिलोहातील बुरूज पडून अठरा मनुष्ये मेली होती. ती इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभूने आपणच स्पष्ट नकार दिला. आणि मग बोट मेलेल्यांकडून काढून ऐकणाऱ्यांकडे वळविले : तुम्ही पश्चात्ताप करा.

बंधूंनो, येथे दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही, की दुःखिताच्या दारी आपण न्यायाधीश म्हणून जाऊ नये. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोपर्यंत ते खरे मित्र होते. त्याचे पाप शोधू लागले, तेव्हा त्यांनी त्याच्या जखमेवर मीठ चोळले. आजाऱ्याच्या खाटेशी जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट ही, की जे दुःख मनुष्याच्या पापामुळे येते, ते पुष्कळदा भोगणाऱ्याच्या पापामुळे आलेले नसते. आपल्याच मुलखाचा इतिहास पाहा. सुमारे १८३० साली इंदापूर तालुक्यात प्रिंगल साहेबांच्या पाहणीप्रमाणे सारा बसला. मोजणी चुकीची, आकार जड, आणि वसुलीत जुलूम. त्यामुळे कित्येक कुणबी जमिनी टाकून परमुलखात गेले. कोणी त्यास नशीब म्हटले असेल. परंतु १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी नवी पाहणी करून सारा हलका केला व तीस वर्षांपर्यंत कायम केला, तेव्हा पडीक रानांत पुन्हा नांगर चालू लागले. पूर्वजन्मीचे कर्म जर त्या दुःखाचे कारण असते, तर कागदावरील आकडा बदलल्याने ते हलके झाले नसते.

म्हणून मजुराचा हात यंत्रात गेला, तर त्याच्या मागल्या जन्माची चौकशी करू नका. यंत्रावर जाळी होती काय, आणि किती तास सतत त्यास उभे ठेविले होते, हे विचारा. विधवेच्या घरी अन्न नसेल, तर तिच्या दैवाची नव्हे, तिच्या दिरांनी बळकाविलेल्या जमिनीची गोष्ट काढा. दैवाचे नाव घेतले म्हणजे अपराधी सुटतो, व आपणही मदतीतून सुटतो. आपले मौन, आपला स्वार्थ, आपल्या मंडळीतील जातीचा उरलेला अभिमान, ह्यांचीही फळे कोणी तरी भोगीत आहे. ह्या कर्माचा हिशेब द्यावयास दुसरा जन्म लागत नाही; तो आजच देता येतो.

परंतु प्रभू आपणांस धाकातच सोडून जात नाही. बुरुजाच्या गोष्टीस लागूनच त्याने फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला. धनी ते तोडावयास सांगतो. माळी विनवितो, की आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालीन. कर्माचा हिशेब एवढेच सांगू शकतो, की ह्या झाडाने फळ दिले नाही. कृपा हाती कुदळ घेते.

प्रियजनहो, आपण शेतकरी आहो. खणणे व खत घालणे आपणांस शिकवावे लागत नाही. आपणांस ते एक वर्ष मिळाले आहे. ह्याच आठवड्यात, ज्या घरास गावाने "भोग" म्हणून सोडून दिले आहे, त्या घरी जा; प्रश्न न विचारता बसा, आणि उठताना काय काम आहे ते विचारा. आमेन.