सरवा

माझ्या इमारतीसमोर फुटपाथवर सहा मोठ्या लोखंडी कुंड्या आहेत. त्यात कोरफडीसारखं काहीतरी काटेरी लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, काय हौशी लोक राहतात इथे! पण त्या कुंड्या तिथे कुणी तंबू टाकून झोपू नये म्हणून ठेवल्यात. आणि त्यातले 40 डॉलर माझे आहेत.

मी सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, सॉफ्टवेअर लिहितो. इमारतीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, ‘फुटपाथ सुशोभीकरण, प्रत्येकी 40 डॉलर’. सुशोभीकरण म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलं होतं. मलाही. वाद नको म्हणून मी दोन सेकंदांत पैसे पाठवले. नंतर बँकेचं स्टेटमेंट बघताना लक्षात आलं, की त्याच दिवशी, एक तारखेला, माझा दशांशही गेला होता. पगाराचा दहावा हिस्सा, ऑटो-पे. अर्धा चर्चला, अर्धा बेघरांना जेवण देणाऱ्या एका संस्थेला. दोन्ही नोंदी एकाखाली एक. एका ओळीत मी एका माणसाला जेवू घातलं होतं आणि दुसऱ्या ओळीत त्याच माणसाची झोपायची जागा काढून घेतली होती.

या शहरात हे काही नवीन नाही. 2019 मध्ये क्लिंटन पार्क नावाच्या गल्लीत रहिवाशांनी वर्गणी काढून फुटपाथवर मोठाले दगड आणून टाकले. त्याच वर्षी एम्बार्कडेरो भागात बेघरांसाठी निवारा होणार म्हटल्यावर तो अडवायला, कोर्टाच्या खर्चासाठी, विरोधकांनी ऑनलाइन एक लाख डॉलरहून जास्त जमवले. (निवारा तरीही झाला.) 2024 च्या जानेवारीतल्या मोजणीत इथे 8,323 बेघर माणसं निघाली. जगातल्या अतिश्रीमंत शहरांपैकी हे एक.

लूकच्या शुभवर्तमानात 16 व्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट आहे. संडे स्कूलमध्ये आमची ती पाठ होती. श्रीमंत रोज चैन करतो, त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून असतो. दोघे मरतात. लाजर अब्राहामाजवळ पोचतो, श्रीमंत यातनेत. लहानपणी वाटायचं, श्रीमंत चांगलाच दुष्ट असणार. आता वाचताना दिसतं, की त्याने लाजराला मारलं, लुबाडलं, हाकललं असं गोष्टीत कुठेच नाही. दारात कुंड्याही ठेवल्या नव्हत्या. तेवढ्यापुरता तो माझ्यापेक्षा बराच म्हणायचा. आणखी एक गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नव्हती. यातनेत पडल्यावर तो अब्राहामाला विनवतो, की लाजराला पाठव, पाण्यात बोट बुडवून माझी जीभ गार करू दे. तो नाव घेतो! म्हणजे दारात कोण पडलंय ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आमच्या दारातल्या माणसाचं नाव मलाही माहीत आहे. इथे लिहीत नाही.

माझी आजी राहुरीकडची. तिच्या लहानपणी भुईमूग उपटून झाला, की वावरात राहिलेल्या शेंगा वेचायला ती आणि तिची आई जायच्या. बाजरीची कापणी झाली की गळालेली कणसं. त्याला सरवा म्हणतात. शहरात वाढलेल्यांना हा शब्द माहीत नसेल, पण मराठी बायबलमध्ये तो आहे. लेवीयच्या 19 व्या अध्यायात नियमच आहे, की शेत कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. रूथ नावाची परकी विधवा याच नियमावर जगली.

या नियमात देण्याची क्रियाच नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मालकाने फक्त हात आवरायचा. येणारा लायक आहे का, दारू पितो का, हे विचारायचं त्याचं काम नाही. कड किती सोडायची याचं माप बायबलमध्ये नाही. पुढे यहुदी धर्मशास्त्र्यांनी मिश्नामध्ये निदान 60 वा हिस्सा सांगितला. डिफॉल्ट व्हॅल्यू कुणाला तरी लागतेच. दशांश देताना मला वाटतं, पैसा माझा आहे आणि मी तो देतोय. सरवा मुळात मालकाचा नसतोच. चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या कैसरियाचा बासिल श्रीमंतांना हेच सांगत होता, की पेटीत पडून असलेले जादाचे कपडे उघड्या माणसाचे आहेत. मग तो कपडा न देणं याला कंजूषपणा म्हणता येत नाही, त्याला वेगळा शब्द आहे.

आमच्या घरात सरवा सोडणारं कुणी नव्हतं, सगळे वेचणारेच. शेतं दुसऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं. 1876-78 च्या दुष्काळात आणि त्यानंतर गावकुसाबाहेरची अनेक माणसं ख्रिस्ती झाली, त्यात आमचेही पूर्वज. ‘धान्यासाठी धर्म बदलला’ हा टोमणा बाबांनी शाळेत ऐकलाय, मी कॉलेजात. मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. उपाशी माणसाने धान्य घेतलं यात लाजण्यासारखं काय? मिशनचा पैसा बोस्टनहून यायचा. कुणीतरी अमेरिकेत बसून, कधीही न पाहिलेल्या माणसांसाठी कड सोडली होती. आज मी त्या अमेरिकेत आहे, शेत माझं आहे, आणि मी पार बांधापर्यंत कापतोय.

इथल्या टेंडरलॉइन भागात सेंट बोनिफेस नावाचं कॅथलिक चर्च आहे. 2004 पासून तिथे एक उपक्रम चालायचा. दिवसा बेघर माणसांनी चर्चच्या बाकांवर येऊन झोपायचं. पुढच्या बाकांवर मिस्सा चालू, मागे लोक घोरतायत. कागदपत्रं नाहीत, फॉर्म नाही. बाकांची मागची बाजू हीच त्या चर्चने सोडलेली कड.

माझा मित्र म्हणतो, हे सगळं भावनिक आहे. घरं पुरेशी बांधली जात नाहीत, म्हणून भाडी वाढतात, म्हणून लोक रस्त्यावर येतात. हा धोरणाचा प्रश्न आहे, तुझ्या आत्म्याचा नाही. त्याचं कारण बरोबरच आहे. पण घरं का बांधली जात नाहीत? शेजारी नवी इमारत नको, निवारा नको, असं म्हणणारे ग्रुप आमचेच. धोरण म्हणजे आमच्यासारख्यांच्या 40-40 डॉलरची बेरीज. शिवाय मी पाहिलंय, वैयक्तिक मदतीचा विषय निघाला की मला व्यवस्था आठवते, आणि व्यवस्थेचा विषय निघाला की माझा दशांश.

मागच्या महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं, कुंड्या काढूया का? माझे पैसे परत नकोत. बराच वेळ शांतता. मग एकाने अंगठा दाखवला. एका बाईंनी विचारलं, मग तू त्याला तुझ्या घरात झोपवणार का? टोमणाच होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याकडे जादाची खोली आहे. तिथे सायकल आहे आणि न उघडलेले दोन खोके. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि पुसलं.

कुंड्या अजून तिथेच आहेत. तो आता रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या दारात झोपतो. मी बसची वाट बघत उभा असतो, तेव्हा समोरच दिसतो. परवा सकाळी त्याने हात वर करून मला नावाने हाक मारली.