हाताला कसब, पण पायाखाली काय?

गेल्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी मुलाचा दहावीचा दाखला न्यायला शाळेत आला. म्हणाला, "सर, तुम्ही मला आयटीआयला घातलंत. आता याला कुठे घालू?" स्वरात तक्रार नव्हती, हेच मला अधिक लागले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी हा टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पास होऊन बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभा राहिला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक मायक्रोमीटरवर पकडणारा हा माणूस आजही ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. कारखाना तोच, काम तेच. ठेकेदार मात्र तीनदा बदलला आणि दर वेळी याची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजली गेली. मध्ये पदरमोड करून तो सीएनसीही शिकला. पगार थोडा वाढला, हजेरीपट बदलला नाही.

'हाताला कसब असले की पोटाची चिंता नाही,' असे मी वर्गात बिनदिक्कत सांगत असे. कसब मुलाच्या हाती असते. नोकरी कायम की कंत्राटी, हे ठरवणारा हात दुसऱ्याचा असतो. हा दुसरा भाग मी कधी उच्चारलाच नाही. मग मुलगा मागे पडला की आपण म्हणतो, आणखी एक कोर्स कर. म्हणजे दोष पुन्हा त्याच्याच पदरात!

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. शिकण्याच्या काळापुरते ते मला पटते. पण काही कारखान्यांत माणूस जन्मभर उमेदवारासारखाच वागवला जातो, त्याचे काय? केंद्रात पूर्वी आयटीआयचे प्रशिक्षण आणि कामगारांचे प्रश्न एकाच श्रम मंत्रालयाकडे होते. 2015 साली प्रशिक्षण नव्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेले. कारभाराला ते सोयीचे असेलही. पण किती शिकले हे एका घरी मोजायचे आणि त्यांना काय मिळाले हे दुसऱ्या घरी, यात मधला माणूस हरवण्याची भीती वाटते. दुसऱ्यांना कशाला बोलू? आम्हीही निकालाची टक्केवारी फलकावर रंगवतो. दहा वर्षांनी ती मुले कुठे उभी आहेत, हे विचारायला आमच्यापैकी कोण जातो?

शेवटी मी आयटीआयचाच अर्ज भरायला सांगितले. शिकणे वाया जाते असे मी अजूनही मानत नाही. बापाला एवढेच म्हणालो, "कारखाना निवडताना पगाराआधी नेमणुकीचा कागद विचारायला शिकव याला."

इतका वेळ गप्प असलेला मुलगा म्हणाला, "सर, विचारलं तर घेतील का?"

मी दाखल्यावर सही केली आणि शिक्का शोधू लागलो.