विटाळाची आठ शतके

प्रत्येक समाजात काही गोष्टी कायद्याने मना असतात, काही अपायकारक म्हणून टाळल्या जातात, आणि यांखेरीज काही अशा असतात की त्या करू नयेत हे लहान मुलालाही ठाऊक असते, पण का करू नयेत असे विचारणेच अनुचित ठरते. या तिसऱ्या प्रकाराला येथे निषेध म्हटले आहे. कॅप्टन जेम्स कुक यांनी १७७७ मध्ये टोंगा बेटांवर असे निषेध पाहून नोंदवले आणि पुढे युरोपीय अभ्यासकांनी त्यांची निरनिराळी उपपत्ती लावली. जेम्स फ्रेझर यांना त्यांत कार्यकारणाविषयीची भाबडी समजूत दिसली, तर सिग्मंड फ्रॉइड यांना १९१३ मध्ये दडपलेली इच्छा दिसली. या सर्वांपेक्षा मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये मांडलेला विचार अधिक पटण्याजोगा आहे. समाजाने जगाची जी वर्गवारी केलेली असते, तिच्या सीमा ओलांडणारी किंवा तिच्यात न बसणारी वस्तू अशुद्ध ठरते, असे त्यांनी म्हटले.

मराठवाड्यात या विचाराचा पडताळा स्वयंपाकघरातच येतो. सोवळे, म्हणजे स्नानानंतर कोणाचाही स्पर्श न झालेली पूजा-स्वयंपाकायोग्य अवस्था, पाळणाऱ्या घरांत सुती वस्त्र धुऊन उंच वलणीवर काठीने वाळत घालावे लागे, कारण सुताला विटाळ लागतो. रेशमाचा कद किंवा लोकरीची धाबळी यांना मात्र तो लागत नाही, असे मानले जाई. कणीक पाण्यात भिजवली की तिची पोळी खरकट्यात मोडते, पण तीच कणीक दुधात भिजवली की दशमी होते आणि ती प्रवासात शिदोरी म्हणून चालते. सोवळे म्हणजे पूर्वजांची आरोग्यदृष्टी होती, असे समर्थन आजही आवर्जून केले जाते. परंतु दूध पाण्यापेक्षा लवकर नासते, आणि वारंवार धुतले जाणारे सूत क्वचित धुतल्या जाणाऱ्या धाबळीपेक्षा स्वच्छ असते, हे लक्षात घेतले तर ते समर्थन दशमीपाशीच अडते. ही व्यवस्था स्वच्छतेची नव्हती. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाला कोठवर येऊ द्यावे, याची ती व्यवस्था होती.

हा नियम भांड्याकुंड्यांपुरता राहिला असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण त्याच तर्काने मासिक पाळीतील स्त्री चार दिवस ‘बाहेर’ बसली, बाळंतीण दहा दिवस सुतकात, म्हणजे जन्मामुळे वा मृत्यूमुळे येणाऱ्या अशौचात गेली, विधवा मंगलकार्यातून वगळली गेली आणि गावकुसाबाहेरच्या माणसांची सावलीसुद्धा वर्ज्य ठरली.

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, या विचाराची दोन टोके एकाच वेळी उभी राहिलेली दिसतात. यादवांचा अधिकारी हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथात व्रते, दाने आणि श्राद्धे यांचे विधिनिषेध एकत्र केले. त्याच काळात गोदाकाठी फिरणाऱ्या, महानुभाव पंथाचे प्रवर्तक असलेल्या चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना विटाळ मानू दिला नाही. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे दत्तात्रेयप्रभूंमुळे पूज्य झालेले स्थान; त्या परंपरेत स्वामींचा युक्तिवाद जपलेला आहे. देहाला नऊ द्वारे आहेत, त्यांतून नाना स्राव वाहतात, नाकाच्या स्रावाने जर कोणी अपवित्र होत नाही, तर पाळीच्या स्रावाने तरी का व्हावे, असा त्याचा आशय आहे. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या या विधानात शरीराकडे पाहण्याचा जो निर्भय सरळपणा आहे, तो आजच्या बहुतेक घरांतील संभाषणात आढळत नाही.

लातूरला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकातच शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या लिंगायत अनुयायांनी, पाच सूतके नाकारली होती: जननाचे, मरणाचे, रजाचे, उष्ट्याचे आणि जातीचे. ज्या देहावर इष्टलिंग, म्हणजे उपासनेचे छोटे शिवलिंग, धारण केले आहे तो देहच देवालय, तेव्हा त्याला पाळीच्या दिवसांत पूजेपासून दूर ठेवणे हा इष्टलिंगाचाच अव्हेर, असा तो तर्क आहे. या यादीत रज आणि जात एकाच ओळीत बसवलेली आहेत, ही शरणांची सर्वांत खोल दृष्टी मानावी लागते; बाईचा विटाळ आणि जातीचा विटाळ ही एकाच मुळाची दोन फळे आहेत हे त्यांनी ओळखले होते. त्याची किंमतही मोठी पडली. ब्राह्मण कुळातील मधुवरस यांची कन्या आणि चर्मकार हरळय्या यांचा पुत्र यांच्या विवाहानंतर दोन्ही पित्यांना देहदंड झाला, असे परंपरा सांगते. चौदाव्या शतकात अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी हाच प्रश्न भोगणाऱ्याच्या बाजूने विचारला: विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जी पंगत बसते तिच्यामागेही अशीच भूमिका आहे. सुतक मानायचे तर ते गोवरीत आणि लाकडात असलेल्या किड्यांमुळे प्रत्येक चुलीवर मानावे लागेल, असे गुरू नानकांनी दाखवून दिले होते.

याचा अर्थ सर्वच निषेध त्याज्य आहेत असा नाही. नागपंचमीला मराठवाड्यात जमीन नांगरत नाहीत, घरात चिरत-कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडतात. श्रावणात बिळातून वर आलेल्या जिवाला इजा होऊ नये, ही भावना त्यात आहे. अनेक कुळांत आपल्या देवकाच्या, म्हणजे कुळाचे चिन्ह मानलेल्या झाडाला कोणी तोडत नाही. शीख खालसा तंबाखूला शिवत नाही. या निषेधांचा भार पाळणारा स्वतः उचलतो, दुसऱ्या कोणाला त्यामुळे उंबऱ्याबाहेर बसावे लागत नाही. निषेधाची कसोटी त्याच्या प्राचीनतेत किंवा शास्त्रीयतेत शोधण्यापेक्षा तो कोणाच्या अंगावर लादला गेला आहे, यात शोधणे अधिक न्याय्य आहे. शास्त्रकारांनीही ‘कलिवर्ज्य’ या नावाखाली नियोगासारख्या, म्हणजे पतीऐवजी अन्य पुरुषाकडून संतती मिळवण्यासारख्या, एके काळच्या विहित गोष्टी पुढे वर्ज्य ठरवल्या. म्हणजे निषेध बदलतो हे परंपरेला कधीच अमान्य नव्हते.

मग इतका जुना आणि इतका स्पष्ट प्रतिवाद असूनही विटाळ टिकला कसा? राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपुष्टात आणली आणि १९५५ च्या कायद्याने ती दंडनीय केली, त्यामुळे पाणवठ्यावरचा विटाळ निदान गुन्हा ठरला. घरातल्या विटाळाला मात्र कायदा शिवलाच नाही. लातूरची ओळख आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी आहे. तेथे शिकणाऱ्या मुली ऋतुचक्रातील संप्रेरकांचा क्रम बिनचूक लिहितात, आणि सुटीत घरी गेल्यावर त्यांतल्या कित्येकींना देवघराच्या अलीकडे थांबावे लागते. गौरी-गणपतीच्या सुमारास पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतल्या जातात, म्हणजे संप्रेरकांचे ज्ञान विटाळ पाळण्याच्याच कामी येते. विटाळ शरीराविषयीच्या अज्ञानातून उपजलेला नसल्यामुळे केवळ ज्ञानाने तो जात नाही. तो घराच्या आणि गावाच्या मांडणीत आहे, आणि एकट्या सुनेने किंवा मुलीने तो मोडला तर ती फक्त उद्धट ठरते.

म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये जे केले, त्याला महत्त्व आहे. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आणि मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव गावाने केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे तो अनुकरणीय म्हणून ठेवला. जो नियम गावाने मिळून पाळला होता तो गावाने मिळून सोडला, त्यामुळे कोण्या एका विधवेवर तो मोडल्याचा ठपका येण्याचे कारण उरले नाही. चार दिवसांच्या विटाळाविषयी असा ठराव नांदेड-लातूरकडच्या एखाद्या गावाने करायचा म्हटले, तर त्यासाठी लागणारा युक्तिवाद बाहेरून आणावा लागणार नाही.